विठाची रेघ

आमच्या सोसायटीच्या मागे, अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे कैलासची पत्र्याची शेड आहे. शेडच्या पाठीला त्यांच्या दोन खोल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचं अख्खं दार दिसतं, त्यामुळे भाजी निवडता निवडता या घरातला बराच संसार माझ्या नजरेखालून गेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे कैलास दिसतो. मांडीवर फळी, हातात पटाशी, भुवयांवर लाकडाचा भुसा. मला मात्र आधी दिसते ती विठा, त्याची बायको. कानामागे पेन्सिल खोचलेली. एखाद्या दिवशी ती मंगळसूत्र घालायला विसरेल, पण पेन्सिल नाही.

कैलास लाकडाचे दिवे करतो. विजेचेच, पण कोरलेले. सागाच्या पातळ फळ्या आरपार कोरायच्या, चार बाजूंनी जोडायच्या, आत बल्ब सोडायचा. दिवसा बघितलं तर एक देखणी पेटी. संध्याकाळी बटण दाबलं की पेटीवरची पानं उठून भिंतीवर जातात. माझ्याही हॉलमध्ये एक आहे. घरी आलेलं माणूस बोलता बोलता थांबतं आणि भिंतीकडे बघायला लागतं.

पूर्वी कैलास उल्हासनगरात कॅम्प पाचला एका फर्निचरच्या दुकानासाठी पलंगांची डोकी कोरायचा. तोच तो हंस, तीच ती द्राक्षं, तोच बदामात गुंफलेला गुलाब. एकदा एक जाळीची फळी चिरली म्हणून दुकानदाराने परत पाठवली. विठाने ती स्वयंपाकघरातल्या बल्बसमोर टेकवून ठेवली, कारण भाकरी थापताना बल्ब थेट तिच्या डोळ्यांवर यायचा. बल्ब पेटला आणि ओट्यामागची भिंत द्राक्षांनी भरली. तिने आतून हाक मारली, "अहो, जरा बघा तरी, भिंतीला वेल लागली!"

तिथून दिव्यांची सुरुवात. पण एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नव्हती. कैलासला चित्र काढता येत नाही. रेघ आखून दिली तर तो केसाइतकंही इकडे तिकडे न होता कोरेल, पण स्वतः पान काढायला बसला तर त्याची भेंडी होते. दुकानात होता तेव्हा उस्ताद आखून द्यायचे. घरी विठा आखायला लागली. ती मूळची जांभूळ गावची. शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार रोज तिच्याकडूनच लिहून घ्यायचे, दिवाळीत गावातल्या निम्म्या अंगणांत रांगोळी तीच काढायची. लाकडावरही तिचा हात सहज फिरला. करंजाचं पान, घेवड्याची वेल, पाण्यात हललेली शेवाळं.

"रेघ माझी, हात त्यांचा," ती म्हणायची.

गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "कैलास, काय हात आहे रे तुझा!" विठा चहाचा ट्रे घेऊन मागे उभी. तिला ते चालायचं. कारण माणसं गेली की कैलास दिवा लावायचा आणि हाक मारायचा, "विठा, ये. तुझं पान कसं पडलंय बघ." तुझं पान. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मग तेजल आली.

तेजल बदलापूरची. घरं सजवण्याचा कोर्स केलेली, तिकडच्या नव्या टॉवरांमधले फ्लॅट लावून देणारी. स्कूटरवरून यायची, केस बॉयकट, खांद्याला ही मोठी झोळी. सुरुवातीला होते तसेच दिवे घेऊन गेली. मग एक दिवस झोळीतून कागद काढला. "काका, हे जमेल? नेचा आहे. टाकीच्या कठड्यावर उगवतो ना, तो."

कैलासने कोरला. मी तेव्हा विठाकडे तिची वाटी परत करायला गेले होते. त्याने दार ओढून घेतलं आणि दिवा लावला. खालून जाड निघालेला नेचा वर जाता जाता इतका बारीक झाला होता की छताजवळ तो पान राहिलाच नव्हता, नुसता धूर झाला होता.

"विठा," कैलास म्हणाला, "बघ गं पोरीनं काय काढलंय."

विठाने बघितलं. "बरं आहे," म्हणाली आणि शिट्टीही न झालेला कुकर बंद करायला आत निघून गेली.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला वैद्याकडे औषध नव्हतं. तेजलला चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात. तेजल येणार असं कळलं की विठाला हटकून आतलं काम निघायचं. धान्य वाळवणं, माळा झाडणं, काहीही. शेडमध्ये त्या दोघांचं बोलणं चालू असेपर्यंत ही बाहेर फिरकायची नाही, पण आतून भांडी अशी आपटायची की माझ्या खिडकीत ऐकू यावीत. कैलास बिचारा भोळा. नवा दिवा झाला की तो आता आधी फोटो काढायचा आणि तेजलला पाठवायचा. मग विठाला हाक. तेही कधी कधी विसरायचा.

बायकांना काय, तेवढं पुरलं. हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या होत्या, तेव्हा बकुळामावशींनी विषय काढलाच. बकुळामावशी म्हणजे आमच्या गल्लीचं बातमीपत्र.

"विठे, ती पोर दिवसभर शेडमध्ये असते म्हणे. दार उघडं असतं म्हणा, पण तरी..."

"दारच कशाला मावशी, पत्रा पण काढून ठेवते. वरनं बघा."

"मग तोंड का गं एवढंसं झालंय तुझं?"

विठाने डाळीचा द्रोण खाली ठेवला. "नवरा न्यायचाय तर नेऊ दे तिला. डबा पण भरून देते सोबत. पण लाकडावर रेघ मी काढणार."

सगळ्या खदखदून हसल्या. बकुळामावशींना तर ठसका लागला. विठा हसली नव्हती. तिने द्रोण पुन्हा उचलला आणि डाळ तोंडात घातली. चव लागत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

कारण रेघ आता तिच्याकडे राहिलीच नव्हती. तेजलचे कागद कॉम्प्युटरवरून यायचे. फळीवर कार्बन पेपर ठेवायचा, त्यावर तेजलचा कागद, आणि वरून पेन्सिल फिरवायची. विठाचं काम एवढंच.

"आता मी कार्बन पेपर झाले, वहिनी," ती मला म्हणाली.

एका दुपारी मी गेले तर पलंगावर तेजलचे सगळे कागद पसरलेले. विठा चष्मा लावून एकेका कागदावर वाकलेली.

"काय शोधतेस?"

"चूक."

"सापडली?"

"नाय ना मेली!" तिने चष्मा काढला. "भिकार काढत असती तर मी रोज तिला चांगल्या कपात चहा दिला असता. चांगलंच काढते, वहिनी. हे बघा, हे पान. मी असं वळवलं नसतं. मला सुचलंच नसतं." तिने त्या पानावरून बोट फिरवलं. कौतुकाने फिरवलं की पुसून टाकायला, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

अशात सावलीचं काम आलं.

सावली हे माझ्या भाचीच्या, मीनलच्या नव्या घराचं नाव. मीनलने बदलापूरला घर घेतलं, घर लावायचं काम तेजलला दिलं. माझ्या हॉलमधला दिवा तिने पाहिलेला, त्यामुळे तसलाच, पण मोठा, जमिनीवर उभा राहणारा दिवा तिला हवा होता. आणि तिची एक हौस होती. दिवा लावला की भिंतीवर पानांच्या मधोमध उजेडात घराचं नाव उमटलं पाहिजे. हे सगळं तेजलने शेडमध्ये बसून कैलासला सांगितलं. नाव दिव्यावर वाचायचं नाही, भिंतीवर वाचायचं, हे पण सांगितलं असणार. विठा तेव्हा आत माळा झाडत होती. भांडी आपटत.

पुढच्या आठवड्यात कागद आला. सकाळी मी पोळ्या करत होते, तर खालून हाका. "वहिनी! वहिनी, खाली या! सोडा त्या पोळ्या!"

खाली गेले तर विठाचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं नातू झाला. तिने कागद माझ्यासमोर धरला. "वाचा."

पानं सुंदर होती. मधे मोठी अक्षरं होती, पण वाचता येईनात. मग लक्षात आलं, ती उलटी होती. आरशात दिसावीत तशी. स डावीकडे असायचा तो उजव्या टोकाला, ली-ची वेलांटी भलत्याच बाजूला.

"कॉलेजात शिकली," विठा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "एवढा कॉम्प्युटर, एवढी झोळी, आणि घराचं नाव सुलट काढता येईना!"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा काही उमगलं नाही. मला वाटलं प्रिंट काढणाऱ्याने घोळ घातला. मी म्हटलं, "अगं मग फोन करून विचार ना तिला."

"मी?" तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिला तेजलच्या पाया पडायला सांगितलं. "मी तिला विचारू?"

"बरं, कैलासला सांग."

"त्यांना सांगितलं की ते लगेच फोन लावणार. मग ती सुधारून पाठवणार. म्हणजे पुन्हा तिचंच. नाय वहिनी. देवानं दिलंय हे मला. मीच सुधारते."

यात तिची चूक धरायची तरी कशी? एवढी वर्षं त्या घरात अक्षरं कोरली गेली ती दारावरच्या पाट्यांची, देव्हाऱ्यांवरच्या नावांची. पाटीवरचं अक्षर समोरून वाचायचं असतं. कार्बन पेपरवर कागद पालथा पडला की अक्षर उलटं उमटतं आणि फळी फुकट जाते, ही एकच भीती तिला ठाऊक. आजवरच्या दिव्यांवर नुसती पानं होती. पान इकडून बघा नाहीतर तिकडून, पानच असतं.

तिने पानं छापून घेतली, आणि अक्षरांवर आली तेव्हा कागद बाजूला सारला. तेजलची अक्षरं उलटून छापली असती तरी चाललं असतं. पण तिने तसं केलं नाही. स्वतःच्या हाताने काढली. मी दारात उभी राहून बघितलंय. आधी शिरोरेघ, एका दमात. मग स, त्याचा गोलवा अंगणात बसलेल्या मांजरासारखा. व-च्या पोटातला तुकडा कोरताना गळून पडू नये म्हणून तिथे एक बारीक काडी ठेवावी लागते. ती काडी तिने अशी तिरकी ठेवली की अक्षराचाच भाग वाटावी. आणि शेवटची दीर्घ वेलांटी! वर जाऊन ती नेच्याच्या पानात अशी मिसळली की अक्षर कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं, कळू नये. काढून झाल्यावर ती मागे सरकली आणि बराच वेळ नुसती बघत बसली. कित्येक महिन्यांत तिला अशी मी पाहिली नव्हती.

कैलास कागद बघत नाही, तो लाकडावरची रेघ बघतो. त्याने फळी मांडीवर घेतली आणि थांबला. "वा," म्हणाला. "तेजलनं अक्षर काय भारी काढलंय."

विठाने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. संध्याकाळी मला म्हणाली, "आता नाय सांगत. वास्तुशांतीला सांगेन. सगळ्यांच्या पुढ्यात. तिच्या पण."

दिवा पुरा झाला तो भर दुपारी. शेडचं दार सताड उघडं, बाहेर पांढरं ऊन. कैलासने आत बल्ब लावून फक्त एवढंच पाहिलं की कोरीवकामातून उजेड सगळीकडून सारखा येतो. भिंत कोणी बघितली नाही, त्या उन्हात दिसलीही नसती. दिव्यावर सावली हे नाव झळकत होतं, सुलट, सुबक. विठाने त्याला स्वतःच्या हाताने पॉलिश केलं. टेम्पोत चढवताना बापूस लेकीला निरोप देतो तशी त्याच्यावरून हात फिरवला.

वास्तुशांतीला विठाने मोरपंखी काठापदराची साडी नेसली. मी मामी म्हणून सकाळपासून तिथे होतेच. ती दोघं संध्याकाळी आली. मला कोपऱ्यात गाठून विठा म्हणाली, "दिवा लागला की बोलते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभ्या रहा."

तेजल तिथेच होती, पडदे सारखे करत. विठाला बघून म्हणाली, "काकी, किती छान दिसताय!" विठा म्हणाली, "हो का." एवढंच.

पाहुणे हॉलमध्ये जमले. मीनलच्या नवऱ्याने, अनीशने, सगळे दिवे घालवले. "आता आमच्या घराचं नाव बघा हं," मीनल म्हणाली आणि बटण दाबलं.

भिंतीभर नेचे उगवले. "अय्या!" असा एकच आवाज उठला. आणि तो तिथेच विरला. पानांच्या मधोमध उजेडाची अक्षरं होती, लख्ख, आणि उलटी.

काय झालं ते मला तेव्हा, त्या भिंतीसमोर उभं राहून कळलं. आपण अक्षर बाहेरून वाचतो, उजेड ते आतून वाचतो. तेजलने जे उलटं काढलं होतं, ते भिंतीवर सुलट पडायला. मी विठाकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिच्या ओठांची हालचाल अर्ध्यावर थांबली होती.

"हे... काय लिहिलंय?" अनीशने विचारलं.

मीनलच्या समोरच्या दाराचे सिंधी काका मोठ्याने हसले. "अरे साईं, ये तो हमारी सिंधी हो गयी! राइट साइड से पढो, राइट साइड से!"

हशा पिकला. पण मीनलच्या सासूबाई हसल्या नाहीत. "पहिल्याच दिवशी घराचं नाव उलटं," त्या म्हणाल्या.

"तेजल," अनीश म्हणाला, "एवढं तरी चेक करायचं ना गं."

तेजलने फोन काढला. आपलं चित्र बघितलं. मग वाकून दिव्यावरची अक्षरं बघितली. मग कैलासकडे बघितलं. तो बिचारा भिंतीकडे डोळे लावून उभा होता, कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. तिची नजर त्याच्यावरून विठाकडे गेली, आणि तिथे थांबली.

"सॉरी," तेजल म्हणाली. "माझ्याकडून राहिलं."

विठाला जे हवं होतं ते सगळं आता तिच्या समोर होतं. तेजलची मान खाली, चारचौघांत, आणि बोट कोणाचंही विठाकडे वळलेलं नाही. नुसतं गप्प राहायचं होतं. उद्यापासून झोळी येणार नव्हती. ती गप्पच होती. पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी तिच्या शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. बोलायचं तर तिनेच बोलायचं होतं.

मीनल मुळात मऊ स्वभावाची पोर. तिला तेजलची दया आली. "जाऊ दे गं," ती म्हणाली, "दुरुस्त करता येईल. पण काही म्हणा, अक्षर काय आहे! ती वेलांटी बघा ना, पानातच शिरलीय. हे कुठल्या फॉन्टमधलं नाही. तेजल, हाताने काढलंस ना तू?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "हो की. मोत्यासारखं आहे. पोरीला कला आहे हो."

"ते अक्षर माझं हाये!"

एवढ्या मोठ्याने की स्वयंपाकघरातला आचारी डोकावला. सगळे वळले. कैलास म्हणाला, "विठा..."

"माझं हाये म्हणते ना! तिनं उलटं काढलेलं, ते बरोबर होतं. मला वाटलं तिला येत नाय. मी सुलट केलं. कोणाला विचारलं नाय. चूक माझी, घ्या. पण अक्षर पण माझंच. ती वेलांटी माझी. व-च्या पोटातली ती काडी दिसते ना, ती माझी. तिला नाय येणार असली वेलांटी!"

सासूबाईंनीच विचारलं, "आणि ही पानं गं?"

विठाने भिंतीवर नजर फिरवली. वरपर्यंत, जिथे नेच्याचा धूर झाला होता तिथपर्यंत.

"पानं तिची."

"तो चूक भी आपकी, तारीफ भी आपकी!" सिंधी काका म्हणाले. या वेळी मात्र सासूबाईसुद्धा हसल्या. तेजल हसली नाही. ती भिंतीजवळ गेली आणि उजेडातल्या त्या वेलांटीच्या टोकाशी नाक लावून बघत राहिली.

परतताना रिक्षात आम्ही तिघं. कैलास ड्रायव्हरशेजारी बसला, आणि अंबरनाथ येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी फळी काढली. मी खिडकीत होते. खोटं कशाला बोला, मी भाजी घेऊन मुद्दामच खिडकीत बसले होते.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगणार होते. तुम्हीच म्हणालात, तेजलनं अक्षर काय भारी काढलंय."

"मला वाटलं तिचंच."

"का वाटलं?"

कैलासने पटाशी खाली ठेवली.

"एवढी वर्षं माझ्याच रेघेवर पटाशी चालवलीत ना तुम्ही?" विठाचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, मला कान द्यावा लागला. "डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी कळायला पाहिजे होतं. भारी दिसलं की तिचं, असंच ना? वाईट असतं तर माझं म्हणाला असतात."

त्याने फळीवर फुंकर मारली. भुसा नव्हताच तिथे. मग म्हणाला, "वळखायला पाहिजे होतं." विठा उठली. आत गेली, पण भांडी वाजली नाहीत.

दुपारी मी खालीच होते, शेडपाशी, तेव्हा तेजल आली. मला वाटलं होतं, येणार नाही. आली, स्कूटर लावली, आणि शेडच्या दारातच उभी राहिली. कैलासने तिला बस म्हटलं. तेवढ्यात विठा बाहेर आली. तेजल असताना ती शेडमध्ये येऊन बसली, ते पहिल्यांदाच. तिने तेजलचा कागद फळीवर ठेवला.

"कुठली बाजू वर?"

तेजलने कागद उचलून चित्राची बाजू पत्र्याच्या भिंतीकडे केली, मागून फोनची बॅटरी धरली आणि भिंतीवर नाव सुलट पडतं ते दाखवलं. विठाने दोनदा उलटसुलट करून घेतलं. "असं होय," म्हणाली. जास्त काही नाही.

"काकी," तेजल म्हणाली, "मीनलताईंना अक्षर तुमचंच हवंय. कॉम्प्युटरचं नको म्हणाल्या. उलटं काढता येईल हाताने?"

"न यायला काय झालं?"

"मला नाही येत." तेजलचा आवाज जरा कोरडाच होता. "रात्री प्रयत्न केला. ती वेलांटी नाही जमली."

विठाने तिच्याकडे बघितलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लगेच ओळखलं असणार. इतके दिवस स्वतःच्या आरशात तेच तर बघत होती. तिने कोपराने भुसा सारला आणि तेजलला बसायला जागा करून दिली.

मग अक्षरं काढली, उलटी, सावकाश, उजवीकडून. तेजल गुडघ्यांवर हनुवटी टेकून तिच्या हाताकडे बघत होती, पापणी न लवता, जसं काही चोरायलाच बसलीय. वेलांटी झाली. ती पानाला जाऊन मिळाली. आणि विठाची पेन्सिल तिथे थांबली नाही. ती तशीच पुढे गेली, नेच्याच्या पानात शिरली, आणि त्याचं टोक तिने जरासं खाली वळवलं.

"काकी," तेजल म्हणाली, "ते पान माझं आहे."

"ठाऊक हाये. म्हणून तर नीट करते."

तेजलने खोडरबर उचललं आणि ते वळण पुसून टाकलं. विठाने पुन्हा काढलं. तेजलने पुन्हा पुसलं, आणि या वेळी स्वतः काढलं, आधीपेक्षा वेगळं. विठाने मान तिरकी करून ते बघितलं, नाक मुरडलं, आणि खोडरबर आपल्याकडे ओढून घेतलं.

कैलास पटाशी हातात घेऊन बाजूला बसून होता. शेवटी कोणाची रेघ राहते, याची वाट बघत.